दाढेतल्या चांदीचे वजन

१९९६ च्या फेब्रुवारीत एका दुपारी माझ्या वडिलांनी श्रीरामपूरजवळच्या बेलापुरातल्या आमच्या दुकानाची दारे आतून लावून घेतली आणि स्वतःच्या दाढांमधून काढलेली चांदी मुशीत घालून तापवली. त्या वेळी त्यांना अंगातला पारा काढण्याच्या कॅप्सूल चालू होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना श्वास घेता येईना, म्हणून नगरला दवाखान्यात दाखल केले.

दातात भरतात ती चांदी निव्वळ चांदी नसते. चांदी, कथील आणि थोडे तांबे यांची पूड पाऱ्यात कालवतात, मऊ असताना दाढेच्या खड्ड्यात दाबतात, आणि तिथे ती घट्ट होते. वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. हे वडिलांना त्या दुपारी माहीत होते. माहीत होते म्हणूनच त्यांनी ती तापवली.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते सोनार होते. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मधल्या खोलीत स्वयंपाक, मागे परस. त्यांची ओळख दोन कामांसाठी होती. पहिले काम मुलाम्याचे. देवांचे मुखवटे आणि कळस आसपासच्या गावांतून त्यांच्याकडे सोन्याचा मुलामा चढवायला येत. पद्धत जुनी होती. सोने पाऱ्यात विरघळवून त्याचे लोणी करायचे, ते बोटाने चांदीवर चोळायचे आणि मुखवटा निखाऱ्यावर धरायचा. पारा उडून जातो, सोने राहते. हे काम ते परसात, वारा पाठीशी घेऊन करत. पावसाळ्यात दुकानातच करत. आजोबांनीही तसेच केले होते. पाऱ्याचा धूर वाईट, हे घरात सर्वांना ठाऊक होते. त्यावर काम चालू असताना दाढेखाली गुळाचा खडा धरायचा, हा घराण्यातला उपाय होता.

दुसरे काम लहान मुलांचे कान टोचण्याचे. सोन्याची तार ओढून तिचे टोक सुईसारखे करायचे, मूल आईच्या मांडीवर, डोके घट्ट धरलेले, आणि दादा कानाची पाळी चिमटीत धरून तार एका दमात पार करत. "रडू यायच्या आत काम झालं पाहिजे," असे ते म्हणत. आमच्या घरातल्या प्रत्येक मुलाचे कान त्यांनी टोचले होते. गावातल्या बऱ्याच जणांचेही.

१९९५ च्या दिवाळीनंतर एका बाळाचा उजवा कान टोचताना तार पाळीच्या कडेला गेली. बाळाची आजी म्हणाली, "सोनारदादा, आज च्या लई झाला का काय?" दादा हसले. डावा कान त्यांनी टोचला नाही. दुपारी या, असे सांगितले, आणि दुपारी दुकान बंद ठेवले.

हाताचा कंप त्याआधीपासून असावा. आईने नंतर सांगितले की चहाची बशी ते बरेच दिवस दोन्ही हातांनी धरत होते. हिरड्यांतून रक्त येत होते, तोंडाला सतत पाणी सुटत होते. झोप नव्हती. सगळ्यात न समजणारी गोष्ट दुसरी होती. चारचौघांत चढ्या आवाजात थट्टा करणारा हा माणूस गिऱ्हाइकाला लाजू लागला होता. कुणी पायरी चढले की ते उठून आत जात आणि आईला पुढे पाठवत. "सांग, बाहेरगावी गेल्यात," असे म्हणत. पायताण दारात असे.

मी तेव्हा नगरला एका दैनिकात उपसंपादक होतो. नाताळच्या सुमारास त्यांना तिथल्या एका फिजिशियनकडे नेले. डॉक्टरांनी त्यांना कोऱ्या कागदावर नाव लिहायला सांगितले. अक्षरे कातरल्यासारखी उमटली. डॉक्टरांनी धंदा विचारला, मुलाम्याची पद्धत विचारली, आणि मग बराच वेळ लिहीत राहिले. लघवीचा नमुना मुंबईला गेला. अहवाल आला तेव्हा शंका उरली नाही. आईचाही नमुना पाठवला होता. तिच्यातही पारा होता, पण बराच कमी.

डॉक्टरांनी काय सांगितले ते मी लिहून घेतले नव्हते, तरी क्रम आठवतो. मुलामा आजपासून बंद. घरातला सगळा पारा बाहेर. दुकानाची जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. अंगात साचलेला पारा काढायला पेनिसिलामाईन नावाच्या कॅप्सूल. हे औषध धातूला धरते आणि लघवीवाटे बाहेर नेते; डॉक्टर त्याला चीलेशन म्हणत. औषध साधे नाही. मूत्रपिंडाला बाधू शकते, रक्तातल्या पेशी कमी करू शकते, म्हणून दर आठवड्याला लघवी आणि रक्त तपासायचे. लघवीत प्रथिने दिसली तर औषध थांबवायचे.

आईने विचारले ते लेकीच्या बाळंतपणाचे. माझी धाकटी बहीण कर्जतला दिली होती. तिला दिवस गेले होते, उन्हाळ्यात बाळंतपण होते, आणि पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे होते.

"तिला या घरात आणू नका," डॉक्टर म्हणाले.

"पंधरा दिसांसाठीबी?"

"एका दिवसासाठीसुद्धा नाही. पोटातल्या बाळाला हे चालत नाही."

दादा म्हणाले, "आन् पोरीच्या पोराचं कान? ते तरी मी टोचीन ना, साहेब? तवर हात ऱ्हाईल ना?"

डॉक्टरांनी सांगता येत नाही असे सांगितले. बरेच जण सुधारतात, काहींचा कंप राहतो. वेळ लागेल. मग त्यांनी टॉर्च घेतली आणि दादांना तोंड उघडायला लावले. दोन्ही बाजूंच्या दाढांत काळपट चांदी होती, काही वर्षांपूर्वी श्रीरामपूरला भरलेली. डाव्या बाजूच्या मागच्या दाढेवर सोन्याची टोपी होती. ती दादांनी स्वतः घडवली होती आणि दुसऱ्या एका दंतवैद्याकडून बसवून घेतली होती. हसले की ती चमके. गिऱ्हाइकांना ते म्हणत, "पाटी लावायची गरज न्हाई, दुकान तोंडातच हाय."

"या भरलेल्या चांदीतही पारा असतो," डॉक्टर म्हणाले.

"म्हंजे तोंडातबी हाय?"

"आहे. पण थोडा, आणि घट्ट बसलेला. तुमचा आजार त्याने झालेला नाही, दुकानातल्या धुराने झालाय. दातांना आत्ता हात लावायचा नाही. कोरताना वाफ उठते, बारीक कण पोटात जातात, आणि त्याच वेळी अंगात हे औषध असेल. दोन्ही एकदम नको. मोठा चोर दुकानात आहे. आधी तो."

"चोर त्यो चोर, साहेब. ल्हान हाय म्हनून घरात ठिवून झोपायचं कसं?"

"झोपा. मी सांगतो तोवर झोपा."

कॅप्सूल जानेवारीत सुरू झाल्या. घरातला पारा बाहेर गेला. मुलाम्यासाठी आलेले दोन मुखवटे ज्या गावांचे होते त्या गावांना तसेच परत गेले. परत न्यायला आलेल्यांपैकी एक म्हातारा दाराशीच म्हणाला, "सोनार, द्येव तसाच पांढरा ऱ्हायला की रं." दादा आतल्या खोलीत होते. बाहेर आले नाहीत.

पहिल्या आठवड्यांत फरक पडला नाही. डॉक्टरांनी तसे आधीच सांगितले होते. दादा रोज सकाळी न्याहारीआधी एक गोष्ट करत. ताटलीत तांदळाचे काही दाणे टाकत आणि चिमट्याने एकेक उचलून वाटीत टाकायला जात. दाणे वाटीबाहेर पडत. आई ते वेचून पुन्हा ताटलीत ठेवी. मी रविवारी घरी गेलो की हे पाहत असे. एका रविवारी चिमटा त्यांनी भिंतीवर मारला. तो खाली ऐरणीवर आदळला आणि त्याचे टोक वाकले.

"औशिध काढतंय आन् दाढ घालतीय," ते म्हणाले. "हिरीतला गाळ काढायचा आन् वरनं व्हढा सोडायचा. कवा आटायची ती?"

मी डॉक्टरांचे म्हणणे पुन्हा सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. ऐकताना जिभेने दाढ चाचपत होते. ही सवय त्यांना नव्याने लागली होती. आई म्हणे, "अवो, जीभ सोलून निघंल." जेवताना ते एकाच बाजूने चावू लागले, मग कुठल्याच बाजूने नाही. गरम चहा सोडला. उष्णतेने पारा उडतो, हे त्यांना कुणी सांगण्याची गरज नव्हती. आयुष्यभर त्यांनी तोच उडवला होता.

फेब्रुवारीत ते कुणाला न सांगता एस.टी.ने श्रीरामपूरला गेले. पुढचे मला तिथल्या दंतवैद्यांनी सांगितले. दादांनी त्यांना सगळी चांदी काढून सिमेंट भरायला सांगितले. दंतवैद्य म्हणाले, चांगली बसलेली चांदी कशाला काढता, लोक ती मरेपर्यंत वापरतात. दादा म्हणाले, "मरायचं न्हाई म्हनून तर काढायची." औषध काही चालू आहे का, असे दंतवैद्यांनी विचारले होते. उत्तर 'न्हाई' असे मिळाले. त्यांनी दोन बैठकांत चांदी कोरून काढली आणि सिमेंट भरले. तोंडात पाणी मारायची आणि ओढून घ्यायची सोय त्यांच्याकडे होती, पण जुनी. सोन्याच्या टोपीपाशी ते थांबले. ही काढली तर खाली काय आहे ते कळेल, असे ते म्हणाले.

"ती माझ्या हातची हाय," दादा म्हणाले. "तिला हात लावायचा न्हाई. खाली नुसता दात हाय."

निघताना त्यांनी कोरून निघालेले तुकडे मागितले. दंतवैद्य हसले. दातातली चांदी परत मागणारा पेशंट त्यांनी पाहिला नव्हता. पण सोनाराच्या दुकानातला केरही फेकत नाहीत, वर्षभराचा साठवून झारेकऱ्याला धुवायला देतात, हे त्यांना माहीत होते. त्यांना वाटले, सवय आहे. थुंकीच्या भांड्यातले आणि ट्रेमधले मोठे तुकडे त्यांनी कागदात बांधून दिले.

दादांना चांदी नको होती. त्यांना वजन हवे होते.

हे त्यांनी दवाखान्यात, ऑक्सिजनची नळी नाकात असताना, तुटक तुटक सांगितले. मुंबईहून आलेला कागद त्यांना वाचता येत नव्हता. त्यावरचा आकडा मोठा की लहान, हे डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून ओळखायचे. काटा मात्र त्यांचा होता. दाढेतली चांदी आधी तोलायची, मग तापवायची, मग पुन्हा तोलायची. जेवढी घट, तेवढा पारा. अशी घट ते मुलाम्यात नेहमी धरत. आपल्या तोंडात किती होता ते एकदा स्वतःच्या काट्यावर पाहिले, की औषधाला किती काढायचे आहे याचा अंदाज येईल, असा त्यांचा हिशेब होता.

परसात करायचे तर शेजाऱ्यांना दिसले असते आणि आईच्या कानावर गेले असते. पाऱ्याला हात लावणार नाही, असे त्यांनी तिच्यासमोर डॉक्टरांना कबूल केले होते. आई दळण घेऊन गिरणीत गेली तेव्हा त्यांनी दुकानाची दारे लावली. खिडकीही लावली, कारण वाऱ्याने काटा हलतो. हात कापत असल्यामुळे तुकडे पारड्यात घालायलाच वेळ लागला. मूस निखाऱ्यात ठेवली, फुंकणीने फुंकले. फुंकणीसाठी दर वेळी मोठा श्वास आत घ्यावा लागतो. दाढेखाली गुळाचा खडा होता.

आई परतली तेव्हा दारे बंद होती. तिने हाक मारली. दादांनी दार उघडले आणि म्हणाले, "निम्मा निघाला." तिला वाटले, कुणाच्या दागिन्यात तांबे निघाले. आत जाऊन तिने खिडकी उघडली. तोंडात तांब्याचा पैसा ठेवल्यासारखी चव आली, असे तिने नंतर सांगितले. तिला काही दिवस खोकला होता. दादांना संध्याकाळी हुडहुडी भरली. सकाळी ते पायरीवर बसून मोठमोठ्याने श्वास घेत होते आणि एक वाक्य पुरे करू शकत नव्हते. गावातल्या जीपने त्यांना नगरला आणले. मी ऑफिसमधून थेट दवाखान्यात गेलो.

फिजिशियन आले, छातीचा फोटो पाहिला, आणि खाटेशेजारी स्टूल ओढून बसले. दादांनी त्यांना सगळे सांगितले.

"निम्मा निघाला, म्हणता?"

"निम्म्याच्या जरा खाली. काटा माझा खोटा न्हाई."

"आणि तो गेला कुठे, काका?"

"उडाला."

"उडून कुठे गेला? दार बंद, खिडकी बंद."

दादांनी छताकडे पाहिले. मग हळूहळू उजवा हात उचलून छातीवर ठेवला. हात छातीवरही हलत होता.

फुप्फुसे सावरली. त्याला बरेच दिवस लागले. पण लघवीत प्रथिने आली होती, आणि ती वाढत होती. कॅप्सूल दाखल केल्यापासूनच थांबवल्या होत्या. ही प्रथिने औषधामुळे आली की त्या दुपारच्या वाफेमुळे, असे मी डॉक्टरांना विचारले. दोन्ही कारणे शक्य आहेत, दोन्ही एकत्रही शक्य आहेत, वेगळी करून सांगता येणार नाहीत, असे त्यांनी सांगितले. पुढेही ते कधी वेगळे झाले नाही.

कंप वाढला होता. आता जीभ आणि मानही हलत होती. दादांना घरी सोडायच्या आधी डॉक्टरांनी जबड्याचा एक्स-रे काढून घेतला. भरलेल्या दाढांतली चांदी निघाली होती, पण एका खड्ड्याच्या तळाला उरलेल्या धातूचा पांढरा ठिपका होता. टोपीची दाढ पूर्ण पांढरी दिसत होती. सोन्यातून आतले दिसत नाही. टोपी बसवण्याआधी त्या दाढेत चांदी भरली होती की नाही, हे दादांना आठवत नव्हते. ती बसवणारे दंतवैद्य वारले होते.

बाहेरच्या बाकावर आई, मी आणि दादा बसलो होतो. डॉक्टरांनी आत बोलावले.

"औषध परत कवा सुरू?" दादांनी विचारले.

"आत्ता नाही."

"हात आदीपेक्षा वाईट हाईत, साहेब."

"माहीत आहे. पण लघवीतून प्रथिने जातायत. मूत्रपिंड गळतंय. या स्थितीत मी ते औषध दिलं तर ते कायमचं जाऊ शकतं."

"मूत्रपिंड कुनाला दिसत न्हाई. हात दिसत्यात."

आई म्हणाली, "असं काय बोलावं!"

"तू गप. साहेब, मी सही करून देतो. मूत्रपिंड गेलं तर माझं गेलं. मला उन्हाळ्यापत्तुर हात द्या. निस्ते दोन कान. एक डावा, एक उजवा. मग काय बी होऊ द्या."

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. "आणखी एक आहे. इथे ठिपका आहे, इथे टोपीखाली काही असेल किंवा नसेल. तोंडात धातू शिल्लक असताना हे औषध दिलं तर त्या धातूचं नक्की काय होतं, हे मला खात्रीने माहीत नाही. काही होत नाही असं म्हणणारे आहेत. अंगात फिरणारा पारा वाढतो असं म्हणणारेही आहेत. मूत्रपिंडं धड असती तर कदाचित मी सावकाश दिलं असतं, रोज तपासून. आज देणार नाही."

"मंग टोपी काढतो. आत्ता श्रीरामपूरला जातो. घ्या काढून."

"काढू नका. काहीच करू नका. तुम्ही आत्तापर्यंत जे केलं ते पुरे झालं."

दादा उठले. दाराची कडी त्यांना पहिल्या प्रयत्नात सापडली नाही. आईने दार उघडले.

घराची दारे-खिडक्या काही दिवस उघडी टाकली होती; तोवर आई-दादा नगरला माझ्याकडे राहिले. दुकानाची जमीन उकरून नवी केली, मूस आणि फुंकणी गावाबाहेर पुरली. ते दोघे परतले तेव्हा कडक ऊन सुरू झाले होते. मी दर रविवारी जात होतो. एका रविवारी दादांच्या पायात चप्पल जात नव्हती. पायांवर सूज होती, बोट दाबले की खड्डा राहत होता. आईला वाटले, ऊन बाधले. नंतर तिला सवागीच्या डब्यात, दागिना सांधताना वापरायच्या पांढऱ्या पुडीखाली, कॅप्सूलची बाटली सापडली. थांबवलेल्या औषधातले जे उरले होते ते त्यांनी घरी परतल्यापासून घ्यायला सुरुवात केली होती. बाटली जवळपास रिकामी होती.

आईने ती त्यांच्यासमोर ठेवली. ती रडली नाही.

"मला रांडमुंड करायचं ठरवलंय का तुमी?"

"कान टोचून झालं की थांबनार हुतो."

"कुनाचं कान? या हातांनी? वाटीत दाना पडत न्हाई तुमच्या, आन् लेकराचा कान फाडनार?"

दादांनी हात मांड्यांखाली घेतले. त्यानंतर ते बहुधा तसेच बसत. बाटली मी नगरला नेऊन डॉक्टरांकडे दिली. लघवीतली प्रथिने पहिल्यापेक्षा पुष्कळ जास्त निघाली. मीठ बंद झाले, दुसरी औषधे सुरू झाली. सूज उतरायला पावसाळा उजाडला.

त्याच्या आधी, मे महिन्यात, कर्जतला बहिणीला मुलगी झाली. बाळंतपण सासरीच झाले. बारशाला आम्ही तिघे गेलो. दादांनी यायचे नाही असे ठरवले होते. निघायच्या वेळी ते कपडे घालून पायरीवर बसलेले दिसले. पायात माझ्या मोठ्या चपला होत्या.

कान बारशाच्याच दिवशी टोचायचे होते. तार दादांनीच आदल्या वर्षी, बहिणीला दिवस गेल्याचे कळले तेव्हा, ओढून ठेवली होती. ती कापसात गुंडाळून आईने आणली होती. बहिणीच्या सासूबाईंनी दादांना पाहून पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "काय हो इवाई, सोनाराची नात, आन् कान टोचायला आमी कर्जतचा सोनार बोलवायचा? मंग सुतारानं बी घराला खुट्टी ठोकायला मानूस लावावा!" बायका हसल्या. आजार त्यांना सांगितला होता, पण वाताचा म्हणून. पारा हा शब्द सासरी कुणी काढू नये, असे बहिणीने कळवले होते.

"तुमच्या कर्जतच्या सोनाराला बी पोट हाय," दादा म्हणाले. बायका पुन्हा हसल्या. त्यांच्या बोलण्यातला अडखळा कुणाच्या लक्षात आला असेल तर तसे कुणी दाखवले नाही.

कर्जतचा सोनार तरुण होता. त्याने तार पाहिली, बोटांत फिरवली आणि विचारले, "ही कुनी वढली?" आईने दादांकडे बोट दाखवले. तो म्हणाला, "काका, टोकाला काय करायचं ठिवलंच न्हाई तुमी." दादांनी मान डोलावली. मान त्याआधीही हलत होती.

बाळाचे डोके कुणी धरायचे, असा प्रश्न निघाला. दादा पुढे झाले, मांडी घालून बसले आणि हात पसरले. बहिणीने बाळ त्यांच्या मांडीवर दिले. दादांनी दोन्ही तळव्यांत डोके धरले. सोनाराने उजवी पाळी चिमटीत घेतली, तार टेकवली आणि थांबला. पुन्हा टेकवली, पुन्हा थांबला. डोके हलत होते. बाळ मात्र झोपलेले होते.

सोनाराने वर पाहिले. आई उठली, दादांच्या मांडीवरून बाळ घेतले आणि शेजारी बसली. आता डोके स्थिर होते. उजवा कान झाला, मग डावा. बाळ डाव्या कानाला रडले. सोनाराने तारेची टोके वळवली आणि कानांवर हळद-तेल लावले.

दादांनी बाळाचे दोन्ही कान जवळून पाहिले. भोके सरळ आहेत, असे त्यांनी सांगितले.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही परतलो. कॅप्सूल पुन्हा सुरू झाल्या नाहीत. सोन्याच्या टोपीची दाढ कुणी उघडली नाही.